घराला रंग देताना काचेतले जीव

रमजानला महिना-दीड महिना उरला की आमच्या गल्लीत घराघरांतून भिंती घासल्याचा आवाज येऊ लागतो. कुणाकडे पुट्टी, कुणाकडे चुन्याचा हात, कुणाकडे न्हाणीघराच्या नव्या फरशा. वर्षभर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत ढकललेली कामं या दिवसांत एकदम निघतात. पलंग उभे केले जातात, पुस्तकं चादरीत बांधली जातात, काचेची भांडी शेजारच्या खालांच्या घरी मुक्कामाला जातात. प्रत्येक वस्तूची काही ना काही सोय होते. एकच गोष्ट शेवटच्या क्षणी आठवते. हॉलच्या कोपऱ्यातली माशांची टाकी. ती जड असते, ओली असते, उचलता येत नाही. मग पेंटर दारात उभा असताना कुणीतरी म्हणतं, ‘त्यावर प्लास्टिक टाका की!’

तीन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो होतो.

आमच्या घरातली टाकी अब्बांची. सोलापूरच्या चादरींच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं. मागांच्या खडखडाटात तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर त्यांना घरात आवाज न करणारं काहीतरी हवं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी बनवून घेतली. त्यात दोन गुरामी, सहा काळ्या मॉली, एंजलची एक जोडी आणि काच साफ ठेवणारा एक सकर. फजरची नमाज झाली की ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. आमची लेक त्यांच्या मांडीवर बसून मासे मोजायला शिकली. अब्बा गेल्यानंतर दाणा टाकायचं काम तिनं आपण होऊन घेतलं. अम्मी तर टाकीतल्या पंपाचा बुडबुड आवाज ऐकल्याशिवाय झोपत नव्हत्या.

अब्बांच्या नंतरच्या पहिल्या ईदला घराला रंग काढला. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट होता. ‘टाकी नीट झाकून घे,’ असं आम्ही लेकीला सांगितलं. तिनं खरंच नीट झाकली. जाड प्लास्टिकचा कागद वरून खालपर्यंत गुंडाळला, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. पंप आत चालूच होता, म्हणून आम्हीही निश्चिंत. धूळ नको म्हणून खिडक्या बंद होत्या. संध्याकाळी हॉलमध्ये डोळे चुरचुरत होते, म्हणून आम्ही सगळे आतल्या खोलीत झोपलो. सकाळी प्लास्टिक काढलं तेव्हा दोन्ही गुरामी आणि पाच मॉली पाण्यावर तरंगत होत्या.

लेक नऊ वर्षांची होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मी नीट झाकलं नव्हतं का?’ त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला बरेच दिवस लागले. हा लेख म्हणजे तेच उत्तर समजा.

झाकलं म्हणजे सांभाळलं नव्हे

तिनं नीट झाकलं होतं. चूक झाकण्यात नव्हती, आमच्या समजुतीत होती. मासे पाण्यात राहतात म्हणजे खोलीतल्या हवेशी त्यांचा संबंध नाही, असं आपण धरून चालतो. शाळेत आम्हीच मुलांना शिकवतो की पाण्यात विरघळलेला प्राणवायू मासे कल्ल्यांनी घेतात. पण तो प्राणवायू पाण्यात येतो कुठून, हा पुढचा प्रश्न घरात विचारायचं राहून गेलं.

तो येतो खोलीतल्या हवेतून. पाण्याचा वरचा पृष्ठभाग सतत हवा घेत असतो आणि एअर पंप तर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडत असतो. ती हवा स्वच्छ असेल तर पंप माशांना जगवतो. हवेत थिनर, टर्पेंटाइन किंवा किडे मारायचं औषध असेल तर तोच पंप ते दिवसभर पाण्यात मिसळत राहतो. आम्ही प्लास्टिकनं पाण्याची ताजी हवा बंद केली आणि पंपाच्या नळीतून रंगाची वाफ मात्र आत जाऊ दिली.

गुरामी आधी का गेले असावेत, तेही नंतर उमगलं. गुरामी आणि फायटर या माशांना कल्ल्यांखेरीज श्वासाचं आणखी एक अवयव असतं. ते वर येऊन तोंडानं थेट हवा घेतात. त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यातही ते तग धरतात. पण पाण्यावरची हवाच विषारी असेल तर हा आधार त्यांच्यावर उलटतो. प्लास्टिकखाली कोंडलेली रंगाची वाफ ते प्रत्येक खेपेला गिळत होते.

म्हणून घरात काम काढताना पहिला प्रश्न ‘टाकी कशानं झाकू?’ हा नसतो. ‘टाकीला हवा कुठून देऊ?’ हा असतो. बाकीची काळजी यानंतर.

कोणत्या कामात कोणता धोका

ऑइल पेंट, लाकडाचं पॉलिश, लॅकर आणि सनमायका चिकटवायचा रबरी गोंद यांतून उडणारी वाफ सर्वांत वाईट. पाण्यात कालवायचा इमल्शन किंवा डिस्टेंपर त्या मानानं सौम्य असतो, पण तोही अगदी निर्धोक नाही. ज्या वासानं आपलं डोकं चढतं तो वास माशांनाही बाधतो, एवढी खूणगाठ पुरेशी आहे. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे ऑइल पेंटला किमान तीन-चार दिवस, टाकी त्या खोलीत नको.

पुट्टी आणि सिमेंटचा धोका डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याला हलका समजतो. पुट्टी घासताना उडणारी पांढरी धूळ म्हणजे बहुतेक वेळा पांढरं सिमेंटच. चुना आणि सिमेंट अल्कधर्मी असतात. त्यांची धूळ पाण्यात पडत राहिली की पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. यात एक छुपा फटका असतो. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतच असतो. सामू कमी असताना त्याचा बराचसा भाग कमी घातक रूपात राहतो. सामू वाढला की तोच अमोनिया विषारी रूपात जातो. काल जे पाणी माशांना चालत होतं, ते आज चालत नाही. पीओपीची धूळ पाण्याचा जडपणा वाढवते. शिवाय कोणतीही बारीक धूळ कल्ल्यांवर बसते.

फरशी फोडणं, ड्रिल आणि ब्रेकर यांचा त्रास वेगळा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो. माशांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेघ असते आणि पाण्यातली बारीक थरथरही तिला कळते. भिंतीला टेकून ठेवलेल्या टाकीमागे ड्रिल चालवलं तर मासे काचेवर आदळतात, उड्या मारून बाहेर पडतात. टाकी जुनी असेल तर तिचे सांधे सुटण्याची किंवा काच तडकण्याची भीती असते. हॉलच्या मधोमध शंभर-सव्वाशे लिटर पाणी आणि त्यात विजेची वायर, हे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हणजे पुढचं सांगायला नको.

फरशांवरचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिड वापरतात. त्याचा धूर नाकात जातो तसाच पाण्यातही विरघळतो आणि सामू झपाट्यानं खाली आणतो. सामू वर जाणं वाईट, तसंच एकदम खाली येणंही वाईट. न्हाणीघरात ॲसिडचं काम असेल तर दार बंद, खिडकी उघडी आणि टाकीचा पंप त्या बाजूला नको. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसांनाही घातक असतो.

आणि सर्वांत घातक काम म्हणजे पेस्ट कंट्रोल. झुरळं, ढेकूण, मुंग्या यांच्यावर फवारतात त्यांपैकी बरीच औषधं पायरेथ्रॉइड नावाच्या कुळातली असतात. ती माणसांना त्या मानानं कमी त्रास देतात, पण माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. डासांच्या कॉइलमध्ये आणि विजेवर लावायच्या द्रवातही याच कुळातली औषधं असतात. वाळवीसाठी भिंतीत भोकं पाडून सोडतात त्या औषधांपैकी क्लोरपायरिफॉस माशांना फार विषारी, आणि इमिडाक्लोप्रिड टाकीत झिंगे असतील तर त्यांना. फवारणी करणारे ‘काही होत नाही, झाकून ठेवा’ म्हणतात. तरीही औषधाचं लेबल मागून वाचावं. अशा कित्येक औषधांच्या लेबलावर जलचरांना घातक असल्याची सूचना छापलेली असते. पेस्ट कंट्रोल असेल तर मासे घराबाहेर गेलेच पाहिजेत, यात तडजोड नको.

टाकी हलवायची कशी

काम दुसऱ्या खोलीत असेल, रंग सौम्य असेल आणि एक-दोन दिवसांचाच प्रश्न असेल तर टाकी जागेवर राहू शकते. अशा वेळी पंप उचलून बाहेर, गॅलरीत किंवा उघड्या खिडकीजवळ ठेवायचा आणि लांब नळी लावून तिथली ताजी हवा टाकीत आणायची. हवेची नळी दुकानात मीटरवर मिळते आणि अगदी स्वस्त असते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत उलटं पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह लावावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट येऊन पंपात शिरतं. टाकीवर धुळीसाठी ओलसर सुती चादर चालते. प्लास्टिक वापरायचंच असेल तर टाकीवर दोन काठ्या आडव्या टाकून वर तंबूसारखं धरायचं आणि काम नसलेल्या बाजूला मोकळी फट ठेवायची.

काम त्याच खोलीत असेल तर मात्र हलवण्याला पर्याय नाही. इथे बरेच जण पाण्यासकट टाकी सरकवण्याचं धाडस करतात. अब्बांची टाकी काठोकाठ भरली तर जवळपास १२७ लिटर पाणी मावतं. एका लिटरचं वजन एक किलो, त्यात काच आणि खडी धरली तर दीडशे किलोच्या वर जातं. भरलेली टाकी दोघांनी उचलली की तळाची काच किंचित वाकते आणि सिलिकॉनचा सांधा उघडतो. टाकी रिकामी करूनच हलवायची.

यंदा आम्ही ते असं केलं. आदल्या दिवशी माशांना दाणा दिला नाही, म्हणजे पाणी कमी घाण होतं. सकाळी हीटर आणि लाइट बंद करून अर्धा तास थांबलो, कारण गरम हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. मग सगळे प्लग काढले. झाकणाचा मोठा टब आणि दोन नव्या बादल्या धुऊन ठेवल्या होत्या. त्यांना कधी साबण लागलेला नव्हता. टाकीतलंच पाणी नळीनं टबात घेतलं आणि मासे जाळीनं त्यात सोडले. मॉली उड्या मारतात म्हणून वर जाळीचं कापड बांधलं. टब अम्मींच्या खोलीत, दाराआडच्या सावलीत, जमिनीवर ठेवला.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट, फिल्टरची. फिल्टरचा स्पंज मळकट दिसतो, म्हणून अशा वेळी हौसेनं तो नळाखाली चोळून धुतला जातो. त्या मळात उपयोगी जिवाणू राहतात. विष्ठेतल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग त्याहून बरंच सौम्य नायट्रेट बनवतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीननं ती मरते, वाळली तरी मरते. फिल्टर बंद पडून आतल्या पाण्यातला प्राणवायू संपला तर काही तासांतच तिला उतरती कळा लागते. म्हणून तो मळका स्पंज काढून त्याच टबात, पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेवायचा. जमलं तर छोटा फिल्टर टबातच चालू ठेवायचा. खडीही धुवायची नाही, टाकीच्याच थोड्या पाण्यात ओली राहू द्यायची. माशांएवढीच काळजी या न दिसणाऱ्या जिवांची घ्यायची असते. ते गेले तर रंगाच्या वासातून वाचलेले मासे पुढच्या आठवड्यात अमोनियानं जातात.

काम चालू असताना

मिस्त्री-वायरमनचं काम म्हणजे मेन स्विच पडलाच. आमच्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात पंप दोन-तीन तास बंद राहिला तर दाटीवाटीनं ठेवलेले मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. बॅटरीवर किंवा मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारा छोटा पंप अशा वेळी कामाला येतो. तोही नसेल तर मगनं पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा-बारा मग. मुलांना हे काम फार आवडतं.

दाणा कमी करा. निरोगी मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, पण जास्तीचा दाणा टबाच्या थोड्या पाण्यात कुजला तर एका दिवसात पाणी नासतं. काम चालू असताना एक दिवसाआड चिमूटभर पुरे. अम्मींना हे पटवणं आम्हाला जड गेलं. ‘बेजुबान आहेत, मागणार कसे?’ असं त्यांचं म्हणणं. शेवटी चिमूट किती मोठी असावी ते लेकीनं त्यांना दाखवलं.

दर दोन दिवसांनी टबातलं चौथाई पाणी बदलायचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी आलं त्या दिवशीच दोन बादल्या माशांच्या नावानं वेगळ्या भरून ठेवायच्या. चोवीस तास उघडं ठेवलं की पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते मात्र असं उडत नाही. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळतं ते, बाटलीवर लिहिलेल्या मापानंच घाला. या बादल्यांवर खूण करून ठेवा, नाहीतर घाईच्या वेळी पेंटर त्याच बादलीत ब्रश बुडवतो.

तलावात सोडणं ही सोय नव्हे

यंदा सकर चांगलाच वाढलेला होता, टबात नीट वळताही येत नव्हतं त्याला. शेजारचे एक चाचा कळकळीनं म्हणाले, ‘आठवडाभर टबात कोंडण्यापेक्षा तलावात सोडून द्या, सवाब मिळेल.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर कडक कवच, पाठीवर काटा. आपल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कुणी नाही. घराघरांतून असे सोडलेले सकर आता देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत वाढले आहेत. आमचं पिण्याचं पाणी जिथून येतं त्या उजनी धरणातही मच्छीमारांच्या जाळ्यात ते सापडतात. जाळी फाडतात, बाजारात भाव नाही आणि इथल्या माशांच्या वाट्याचं खाणं संपवतात. एका जिवाला मोकळं करताना आपण दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो. टाकीतला मासा विहिरीत, तलावात, नदीत कुठेही सोडू नये. ठेवणं शक्यच नसेल तर माशांच्या दुकानात परत द्यावा किंवा टाकी असलेल्या ओळखीच्या घरी पोचवावा. आमचा सकर आठ दिवस शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मोठ्या टाकीत पाहुणा होता.

काम संपल्यावर घाई नको

रंग वाळला म्हणजे वास गेला असं नाही. दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालवा. बाहेरून आल्यावर पहिल्या श्वासाला वास जाणवला तर आणखी एक दिवस थांबा. न्हाणीघरात किंवा खिडकीला लावलेल्या सिलिकॉनमधून व्हिनेगरसारखा वास येतो, तोही जाऊ द्या. टाकीचा सांधा दुरुस्त करायचा असेल तर बुरशी रोखणारं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं औषध माशांना विषारी असतं. टाकीसाठीचं वेगळं मिळतं.

नळकाम झालं असेल तर नव्या पाइपातलं पहिलं पाणी टाकीत नको. पाइप जोडायचं सोल्युशन, तेल, कचरा त्यातून येतो. भरपूर पाणी आधी फरशी धुवायला वाहू द्या. गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली असेल किंवा आतून वॉटरप्रूफिंग केलं असेल तर ती दोन-तीनदा भरून रिकामी करा. नव्या सिमेंटच्या हौदातून बरेच दिवस चुना सुटतो. तेवढे दिवस शेजारून दोन बादल्या पाणी आणणं बरं.

टाकी परत मांडताना स्टँड समपातळीत आहे ना ते बघा, टाकीखाली थर्माकोलची शीट ठेवा. काच पुसायला साबण, कॉलिन असलं काही नको, साधं पाणी आणि स्वच्छ फडकं पुरे. जुनं पाणी, ओली खडी, तोच मळका स्पंज, मग हळूहळू नवं पाणी, हा क्रम ठेवा. फिल्टर तासभर चालू द्या आणि मग मासे सोडा. पुढचा आठवडाभर दाणा निम्माच.

एवढं करूनही मासे वर येऊन धापा टाकत असतील, पंख मिटून कोपऱ्यात बसले असतील, वेड्यासारखे धावत असतील किंवा रंग उतरला असेल तर वाट बघत बसू नका. आधी पंप ताज्या हवेत न्या. मग साठवलेल्या, तेवढ्याच कोमट पाण्यानं तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. रंग आणि औषधातली बरीच रसायनं तो शोषून घेतो, मात्र अमोनिया शोषत नाही. काही दिवसांनी ती पिशवी फेकून द्या. दुकानदारानं दिलेली निळी-पिवळी औषधं अशा वेळी ओतू नका. हा आजार नाही, विषबाधा आहे.

कारागिरांना आधी सांगा

कारागीर मुद्दाम काही करत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या वेळी आम्ही पेंटरला रंगाचा नंबर सांगितला, किती हात मारायचे ते सांगितलं, माशांबद्दल एक शब्द बोललो नाही. यंदा पैसे ठरवतानाच सांगितलं की आधी आतली खोली, मग हॉल. ऑइल पेंट शेवटी आणि लागोपाठ दोन दिवसांत. थिनरचे डबे रात्री गॅलरीत. मेन स्विच पाडायच्या आधी हाक मारायची. कुणीच कुरकुर केली नाही. पेंटर म्हणाला, त्याच्या मुलाकडेही बरणीत गप्पी आहेत.

लेक आता बारा वर्षांची आहे. तिनं टबाच्या वर एक पुठ्ठा लावला होता: ‘पंप बंद करू नका.’ वर मराठीत, खाली उर्दूत, कारण वायरमन मराठी वाचतो आणि पेंटर उर्दू. खाली स्वतःचं नाव आणि माशांची संख्या. पाचही दिवस शाळेतून आल्यावर दप्तर न काढता ती आधी मोजायला जायची.

शेवटच्या दिवशी टाकी जागेवर आली, पंप चालू झाला. लेकीनं मोजलं, बरोबर भरले. अब्बांच्या वेळची एकच मॉली त्या पहिल्या रंगकामातून वाचली होती. ती पुढच्या वर्षी गेली, पण तिची पिल्लं आहेत. अम्मी त्या रात्री हॉलमध्येच झोपल्या. नव्या रंगाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी एवढंच म्हणाल्या, ‘पंपाचा आवाज पूर्वीसारखाच आहे.’

तुमच्या घरी काम निघणार असेल तर सिमेंट, पुट्टी, रंग, मजुरी यांची यादी तुम्ही करालच. त्या यादीत सर्वांत वर एक ओळ लिहा: मासे कुठे जाणार आणि त्यांना हवा कुठून येणार. ती ओळ लिहून झाल्यावरच पेंटरला तारीख द्या.